मायग्रेनचा दोष कुणावर टाकायचा? कालच्या माशांच्या हुमणावर की चुकलेल्या नाश्त्यावर?

व्हॉट्सॲपवर एक यादी वर्षानुवर्षं फिरतेय, ‘मायग्रेन असेल तर हे पदार्थ आजच बंद करा’. त्यात असतं काय, तर मुरवलेलं चीज, रेड वाईन, चॉकलेट, सलामी, सोया सॉस, अवोकाडो. आता आपल्या गोव्यात म्हार्दोळात नाहीतर साखळीत राहणाऱ्या एखाद्या बाईने जन्मात ब्लू चीज बघितलेलं नसतं, सोमवार-गुरुवार कडक शिवराक (मांस-मासळी बंद) असतो, आणि तरी महिन्यातून दोन-तीनदा ती दारं-खिडक्या लावून, डोक्याला ओढणी करकचून बांधून पडलेली असते. तिने या यादीतलं सोडायचं काय? मग घरची माणसं आपापली यादी काढतात. आंबट बंद कर, केळं बंद कर, सुंगटां (कोळंबी) बंद, रात्रीचं दही बंद, मोबाईल तर बंदच बंद. सहा महिन्यांत ताटात वरण-भात तेवढा उरतो आणि डोकं दुखायचं ते दुखतंच.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात ही दुखणी आजीपासून चालत आलीत आणि मला अशा गोष्टी खोदून वाचायची खोड आहे, म्हणून जे पक्कं माहीत झालंय ते सरळ भाषेत लिहितोय. विषय मुख्यतः खाण्याचा, पण खाण्यावर बोलायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

आधी हे आहे काय

मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, हा मेंदूच्या आणि नसांच्या कामकाजाचा आजार आहे, डोकं दुखणं हा त्याचा एक भाग. ओळख साधारण अशी: बहुतेकदा एका बाजूला ठणके मारतात, जिना चढला किंवा वाकून केर काढला की वाढतं, सोबत मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. औषध न घेता ४ ते ७२ तास टिकतं. सगळं सगळ्यांना होत नाही, दोन्ही बाजूंनी दुखणारेही भरपूर आहेत. काहींना दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेघा येतात, मधलं दिसेनासं होतं, हाताला मुंग्या येतात, याला ऑरा म्हणतात आणि तो ५ मिनिटांपासून तासभर टिकतो.

आत घडतं ते थोडक्यात असं. चेहऱ्याची आणि डोक्याच्या आवरणाची संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस आहे, ती चाळवली की तिच्यातून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि दुखण्याचा गजर सुरू होतो. हे शोधून काढणाऱ्या लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चौघांना २०२१ चा ब्रेन प्राइझ, मेंदूच्या संशोधनातला मोठा पुरस्कार, मिळाला, आणि याच द्रव्याला अडवणारी पहिली इंजेक्शनं अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाली. म्हणजे ‘कामाचा कंटाळा आला की हिचं डोकं दुखतं’ असं म्हणणाऱ्यांना दाखवायला आता पुरेसा पुरावा आहे. जगात साधारण दर ७ माणसांमागे एकाला हा त्रास आहे, बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट, आणि तो घराण्यात चालतो.

‘अगो, हे पित्त आहे, दुसरं काही नाही’

ही पहिली हरकत, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारी. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, उलटी झाली की बरं वाटतं, म्हणजे पित्तच नाही का? मग कोकमाचं सरबत, थंड दूध, आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी.

पण मायग्रेनच्या ॲटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, खाल्लेलं तिथेच पडून राहतं, म्हणून मळमळतं. सुरुवात डोक्यातून, पोट मागाहून. काही जणांचा ॲटॅक उलटीनंतर आपोआप ओसरतो, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटते की पित्त बाहेर पडलं म्हणून डोकं थांबलं. पोट मंदावल्यामुळेच उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही, आणि म्हणून डॉक्टर पुष्कळदा उलटी थांबवायची गोळी सोबत देतात.

तसंच सायनसचं. पावसाळ्यात कपाळ दुखलं, डोळ्यातून पाणी आलं की ‘सायनस वाढला’. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं समजणारे किंवा तसं डॉक्टरनेच सांगितलेले २,९९१ लोक तपासले, त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारचं निघालं. नाक चोंदणं, डोळ्यांना पाणी येणं हे मायग्रेनमध्येही होतं, त्याच नसेची करामत.

ट्रिगर कसा काम करतो

ज्या गोष्टीनंतर ॲटॅक येतो तिला ट्रिगर म्हणतात. हा एकच इंग्रजी शब्द आता पुढे सारखा येणार. ट्रिगरमुळे मायग्रेनचा आजार होत नाही, आजार आधीचाच असतो, ट्रिगर फक्त त्या दिवसाचा ॲटॅक सुरू करतो.

घरात एसी चालू आहे, गिझर चालू आहे, कोणीतरी इस्त्री लावलीय, आणि स्वयंपाकघरात मिक्सर फिरवला की खट्, एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा खटका) पडतो. ओरडा कुणाला? मिक्सर लावणाऱ्याला. वास्तविक मिक्सरचा लोड त्या सगळ्यांत कमी होता, त्याचा गुन्हा एवढाच की तो शेवटी लागला. मायग्रेनवाल्याच्या डोक्यातला एमसीबी जन्मतःच जरा कमी ॲम्पचा, आणि भरीला तो रोज सारखा नसतो, पाळीच्या दोन दिवस आधी, जागरणानंतर तो आणखी खाली येतो. म्हणून जो मिक्सर मंगळवारी मजेत चालला तोच शुक्रवारी घर अंधारात टाकतो.

आता हे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, लावून बघा. आदल्या दिवशी हरतालिकेचा उपास, काहींचा तर निर्जळी. रात्री उशिरापर्यंत नेवऱ्या (करंज्या) तळणं, मध्येच माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला) अजून एक नारळ बांधायचा राहिला. पहाटे उठून सोवळ्यातला स्वयंपाक, सकाळचा चहा राहिला तो राहिलाच. मग धूप, अगरबत्ती, मोगऱ्याचे गजरे, एवढ्याशा खोलीत घुमट-झांजेची आरती, बाहेर पोरांचे फटाके, आणि हवा अशी दमट की अंगाला कपडा चिकटतोय. दुपारी अडीचला ती बाई पहिला घास खाते, ताटात खतखतं, म्हणजे बऱ्याच भाज्यांची आमटी, असतं. चारला डोकं सुरू. आणि संध्याकाळी निदान काय होतं? ‘खतखत्यात तिरफळं जास्त पडली होती.’

तिरफळांचा काय दोष हो यात.

एकटा ट्रिगर किती दुबळा असतो ते डेन्मार्कमधल्या २०१३ सालच्या एका प्रयोगात दिसलं. ‘तेज उजेडाने किंवा दमवणाऱ्या व्यायामाने आम्हाला ऑरासकट मायग्रेन होतंच’ असं सांगणारे २७ रुग्ण घेतले आणि त्यांना मुद्दाम तोच उजेड, तोच व्यायाम दिला. ऑरासकट ॲटॅक आला फक्त तिघांना, आणखी तिघांना ऑराशिवाय. बाकीचे २१ जण ठीकठाक घरी गेले. ते खोटं बोलत होते असं नाही, प्रयोगाच्या दिवशी बाकीचा लोड चालू नव्हता एवढंच.

सगळ्यात वाईट पदार्थ: न खाल्लेला

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १,२०७ मायग्रेन रुग्णांना विचारलं की तुम्हाला कशाने होतं. ताण म्हणाले ८० टक्के, हार्मोन म्हणाल्या ६५ टक्के बायका, जेवण चुकणं ५७, हवामान ५३, झोप बिघडणं ५०, वास ४४, दारू ३८. आणि एखादा ठराविक पदार्थ? २७ टक्के. हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, त्यामुळे जरा सावधपणेच घ्यायचं, पण तरी बघा, खाल्ल्यामुळे त्रास होतो म्हणणाऱ्यांच्या दुप्पट लोक न खाल्ल्यामुळे होतो म्हणतात. आणि आपली अख्खी चर्चा कशावर, तर काय खाऊ नये यावर!

वेर्ण्याच्या फॅक्टरीत सकाळच्या शिफ्टला जाणारी माणसं बघा, साडेपाचला उठून नुसता चहा, बस पकडायची, आणि पहिला खरा घास दहा-अकराला कँटीनमध्ये, तोही भाजी-पाव मिळाला तर. लग्नाच्या हॉलवर बाराचा मुहूर्त टळून एक होतो, पंगत बसते दोनला. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार वेगळेच. मायग्रेनवाल्या मेंदूला साखर वर-खाली झालेली, वेळ हुकलेली अजिबात खपत नाही.

उपास सोडाच असं मी म्हणणार नाही, आमच्याच घरात मला कोणी ठेवणार नाही. पण निर्जळी टाळता येते, सकाळी वेळेवर फळं-दूध-शेंगदाणे घेता येतात, पाणी पीत राहता येतं, आणि चंद्रोदय रात्री साडेनऊचा असेल तर संध्याकाळी पोटात काहीतरी घालता येतं. ऑफिसला जाणाऱ्याने खिशात मूठभर काजू ठेवावेत, गोव्यात राहून एवढं तर जमायला हरकत नाही. ज्यांना डायबेटिस आहे आणि गोळ्या चालू आहेत त्यांनी उपासाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावं, तो विषयच वेगळा.

मग खाण्यातलं काहीच लागत नाही का?

लागतं. पण कुणाला काय, आणि किती नेमाने, यात भरपूर फरक आहे.

चीजचं नाव यादीत आलं ते टायरामिनमुळे. प्रथिनं असलेला पदार्थ मुरला, आंबला, जुना झाला की त्यात हे द्रव्य तयार होतं, आणि काहींच्या शरीरात ते रक्तवाहिन्यांशी खेळ करतं. आपल्याकडे मुरवलेलं चीज नाही पण मुरवलेलं बाकी पुष्कळ आहे, सुके बांगडे, सुकी सुंगटां, व्हिनेगरमध्ये मुरवलेला पारा (सुक्या मासळीचं लोणचं), बाजारातली सॉसेजिस. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, मग पुरुमेताचं (पावसाळ्यासाठी साठवलेलं) काढून रोज किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) नाहीतर सुक्याची चटणी. तेवढ्या दोन महिन्यांतच तुमचे ॲटॅक वाढत असतील तर इथे लक्ष द्यायला जागा आहे, पण त्याच महिन्यांत हवाही बदललेली असते हे विसरू नका. सॉसेजमध्ये आणखी एक भानगड असते. बाजारच्या टिकाऊ मांसात रंग आणि टिकाऊपणासाठी नायट्राइट घालतात आणि त्याने काही जणांचं डोकं खरंच चढतं.

बांगड्याचं जरा वेगळं सांगायला हवं. बांगडा, टुना यांसारखी मासळी बर्फाशिवाय उन्हात पडली की तिच्यात बॅक्टेरिया हिस्टामिन तयार करतात, आणि ते एकदा झालं की शिजवून, तळून, काही करून जात नाही. अशी मासळी खाल्ली की अर्ध्या-एक तासात तोंड लाल, अंगावर पित्त उठल्यासारखं, धडधड, डोकं गरगरतं. हे मायग्रेन नव्हे, ही विषबाधा आहे, आणि ओळखायची खूण अशी की त्या ताटावर बसलेल्या दोघा-तिघांना होतं, एकट्या तुम्हाला नाही. मासळी ताजी घ्या, बर्फातली घ्या, बस. कालचं हुमण चवीला भारीच लागतं, कोण नाही म्हणतं, पण रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेलं आणि लगेच फ्रिजमध्ये गेलेलं यात फरक आहे.

दारूबाबत नेदरलँड्समध्ये २०१९ साली एक मजेशीर गोष्ट पुढे आली. २,१९७ मायग्रेन रुग्णांपैकी ३५.६ टक्के लोकांनी दारूवर बोट ठेवलं, त्यातही रेड वाईनवर सगळ्यात जास्त. पण रेड वाईन प्याल्यावर दर वेळी नेमाने होतं असं फक्त ८.८ टक्क्यांच्या बाबतीत दिसलं. म्हणजे बाकीच्यांचं कधी होतं, कधी नाही, परत तोच लोडचा प्रश्न. आपला एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा, हुर्राकाचे (काजूच्या दारूचे) दिवस, दुपारी दोनची वेळ, लिंबू सोडा आणि चिरलेली मिरची घालून ग्लासावर ग्लास, घामाने शर्ट भिजलेला, पोटात फक्त खारे दाणे, आणि मग उन्हातून स्कूटरने घरी. संध्याकाळी डोकं धरून बसल्यावर हुर्राक वाईट होता, भेसळ होती, असं म्हणायची पद्धत आहे. भेसळ असेलही, पण बाकीचे चार गुन्हेगार जागेवरच होते.

चहा-कॉफी दोन्ही बाजूंनी खेळते. थोडं कॅफीन दुखणं कमी करतं, म्हणून तर काही गोळ्यांमध्येच ते घातलेलं असतं. पण रोज २०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे अंदाजे चार-पाच कप कडक चहा, दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल आणि एक दिवस हुकला तर २४ तासांच्या आत डोकं दुखू शकतं. रविवारी नऊला उठणाऱ्यांचं डोकं दुखतं त्यात याचा मोठा वाटा. चहा सोडायचाच असेल तर रोज अर्धा-अर्धा कप कमी करत जा, आणि सुट्टीच्या दिवशीही पहिला कप नेहमीच्या वेळेला.

अजिनोमोटोची बदनामी पुराव्याच्या मानाने फार जास्त झालीय, जेवणात मिसळून, कुणाला काय दिलंय ते न सांगता केलेल्या प्रयोगांत पक्कं असं काही हाती आलेलं नाही. रात्री साडेदहाला ठेल्यावरचं चायनीज खाऊन डोकं दुखलं तर साडेदहाचाही विचार करा.

‘पण चॉकलेट खाल्लं की मला हमखास दुखतं, माझा अनुभव आहे’

अनुभव खरा आहे, क्रम कदाचित उलटा असेल.

मायग्रेनचा ॲटॅक दुखायला लागल्यावर सुरू होत नाही. त्याच्या काही तास आधी, कधी दोन दिवस आधी, मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, सारखं लघवीला जावं लागतं, आणि काहीतरी गोड, काहीतरी चमचमीत खावंसं प्रचंड वाटतं. जर्मनीत संशोधकांनी एका रुग्णाच्या मेंदूचं स्कॅनिंग सलग ३० दिवस, रोज केलं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. त्यात दुखायच्या आदल्या २४ तासांत हायपोथॅलॅमस नावाच्या भागाचं काम बदललेलं दिसलं, आणि भूक, झोप, तहान सांभाळणारा भाग हाच. म्हणजे तुम्ही फ्रिज उघडून कॅडबरी काढली तेव्हा ॲटॅक कदाचित आधीच निघालेला होता, कॅडबरी फक्त वाटेत भेटली.

१९९७ साली एक प्रयोग झाला होता, डोकेदुखी असणाऱ्या बायकांना चॉकलेट आणि तसंच दिसणारं, तसंच लागणारं कॅरोब नावाच्या शेंगेचं वडीसारखं काहीतरी दिलं, कुठलं कुठलं ते त्यांनाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. दोन्हींत फरक पडला नाही, ज्या बायकांची खात्री होती की चॉकलेटच आपला शत्रू, त्यांच्यातही नाही.

मानेचंही तेच. ‘मान अवघडली म्हणून डोकं दुखलं’ यात मान बरेचदा आधीची खूण असते. जांभया आणि खा-खा ओळखता आली तर तो दिवस सांभाळायला वेळ मिळतो, पाणी, वेळेवर जेवण, रात्री लवकर झोप.

ताटाबाहेरचे

हे खरं तर जास्त जोरदार असतात पण यांच्यावर फॉरवर्ड येत नाहीत.

पाळी सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत इस्ट्रोजेन हे हार्मोन खाली आलेलं असतं, त्या दिवसांतले ॲटॅक जास्त लांबतात आणि गोळीला कमी जुमानतात. उजेडात गोव्याचे खास प्रकार आहेत, माडांच्या रांगेतून सकाळी स्कूटर चालवताना ऊन-सावली-ऊन-सावली असं डोळ्यांवर जे लपलपतं ते काहींना फार लागतं, तसाच दुपारचा पाण्यावरचा चकाकणारा उजेड. टोपीचा पुढचा भाग आणि बरा गॉगल, एवढा साधा उपाय. वासात परफ्युम, टॅक्सीतला एअर फ्रेशनर, डिझेलचा धूर, रंगकाम. उकाड्याबद्दल बॉस्टनचा २००९ सालचा अभ्यास आहे, ७,००० च्या वर रुग्णांचा, तापमान ५ अंशांनी चढलं की पुढच्या २४ तासांत डोकेदुखीने इमर्जन्सीत यायचा धोका साधारण साडेसात टक्क्यांनी वाढलेला दिसला. मे महिन्यात आपल्याकडे तापमानापेक्षा घाम जास्त, पाणी आणि मीठ दोन्ही जातात.

जत्रेत यातलं जवळजवळ सगळं एका रात्रीत मिळतं, पहाटेपर्यंत नाटक, जनरेटर, फिरते लाइट, कर्णे, आणि जेवणाच्या जागी खाजं (जत्रेतली मिठाई). जत्रा चुकवा असं कोण सांगेल? पण जेवून जा, नाटकाला मागे बसा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळत न राहता थोडं आधी उठा.

आणि ताणाची एक गंमत. ताण असताना जेवढं दुखत नाही तेवढं तो उतरला की दुखतं, परीक्षा संपली, ऑडिट संपलं, दीड दिवसाचा गणपती पोचवून माणसं घरी आली, की दुसऱ्या दिवशी आडवं. लोक म्हणतात आता तर कसला ताण नाही. तेच तर.

शोधायचं कसं: कालनिर्णयची चौकट

महागडं ॲप नको, रक्ताच्या ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ टेस्टवर हजारो रुपये तर मुळीच नकोत. आमच्या वहिनीने दुधाचा हिशोब लिहायच्या कालनिर्णयवरच काम भागवलं. चौकटीत बारीक अक्षरात, डोकं दुखलं तर ‘ड’, गोळी घेतली तर ‘गो’, जागरण ‘जा’, जेवायला उशीर ‘उ’, पाळी ‘पा’, आणि संशयित पदार्थाचं एक अक्षर. तिचा संशय सुंगटांवर होता, ‘सुं’. दोन महिन्यांनी पान बघितलं तर खरोखरच ‘सुं’ आणि ‘ड’ शेजारी-शेजारी, सगळे तांबड्या रकान्यात. रविवार! सुंगटां घरात यायची रविवारीच, आणि रविवारीच ती उशिरा उठायची, साडेसहाचा चहा साडेनऊला, जेवण तीनला. मग तिने बुधवारी सुंगटांचं हुमण केलं, नेहमीच्या वेळेला जेवली, काही झालं नाही. पुढच्या बुधवारी परत. रविवारी चहा वेळेवर घ्यायला लागली आणि सुंगटां सुटली, म्हणजे आरोपातून.

यात महत्त्वाचं काय, तर न दुखलेले दिवसही लिहायचे. आपल्याला ‘खाल्लं आणि दुखलं’ एवढंच लक्षात राहतं, ‘खाल्लं आणि काही झालं नाही’ कोण लक्षात ठेवतो? समजा ९० दिवसांत तुम्ही एक पदार्थ २४ वेळा खाल्ला आणि त्यातले ६ दिवस डोकं दुखलं. मोठं वाटतं. पण न खाल्लेल्या ६६ दिवसांपैकी १६ दिवस दुखलं असेल तर? दोन्हीकडे साधारण चारांत एक. पदार्थ निर्दोष. तेच २४ पैकी १५ दिवस दुखलं असतं तर संशय पक्का.

संशय पक्का झाला की एकच गोष्ट बंद करायची, महिनाभर, बाकी सगळं तसंच. मग परत सुरू करून बघायची. चार गोष्टी एकदम सोडल्या आणि बरं वाटलं तर कशामुळे ते कधीच कळत नाही, आणि चारही जन्मभर सुटतात. गरोदर बाई, वाढती मुलं, आधीच बारीक झालेली माणसं यांनी खाणं काढायचे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नयेत.

‘मग सगळंच टाळत बसायचं का?’

नाही. पाळी टाळता येत नाही, पाऊस टाळता येत नाही, सासरचं चवथीचं आमंत्रण तर नाहीच नाही. जे हातात नाही ते असेल त्या दिवशी बाकीचा लोड उतरवायचा, एवढंच करता येतं. पाळीच्या आठवड्यात जागरण नको, जत्रेच्या दिवशी उपास नको, उन्हातून आल्यावर हुर्राक नको. आणि प्रत्येक वासाला, प्रत्येक उजेडाला घाबरत अंधारात बसलं की सवयच मोडते, मग साधा ट्यूबलाइटही बोचायला लागतो.

गोळ्यांचं एक सांगायचं राहिलं

दुखलं की फार्मसीतून स्ट्रिप आणायची सवय स्वतःच ट्रिगर बनते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (खास मायग्रेनच्या गोळ्या) किंवा दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. असं झालं असेल तर खाण्याची डायरी काहीही सांगणार नाही, आधी तो गुंता सोडवावा लागतो, आणि तो डॉक्टरच्या देखरेखीखाली.

महिन्यातून चार-पाच दिवस किंवा त्याहून जास्त असे वाया जात असतील तर ॲटॅकच येऊ नयेत म्हणून रोज घ्यायची औषधं आहेत, प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, ॲमिट्रिप्टिलिन वगैरे, प्रत्येकाचं चालतं-न चालतं वेगळं, दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, म्हणून शेजारणीची चिठ्ठी वापरू नका. ऑरा येणाऱ्या बायकांनी गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ऑराबद्दल आवर्जून सांगायचं, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी त्यांच्यात स्ट्रोकचा धोका वाढतो.

आणि हे असेल तर ट्रिगर शोधत बसू नका, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात लगेच जा: मिनिटभरात कळस गाठणारी, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान ताठ, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, किंवा गरोदरपणात नव्याने आलेली डोकेदुखीही तपासूनच घ्यायची.

मुलांना पण होतं का?

होतं, आणि ते ‘शाळा बुडवायचं नाटक’ या खात्यात जमा होतं. मुलांचा ॲटॅक छोटा असतो, कधी दोन तासांतच संपतो, दुखतं बहुतेकदा कपाळाच्या दोन्ही बाजूंना, आणि काही मुलांचं डोक्यापेक्षा पोट जास्त दुखतं. मूल खेळ टाकून, टीव्ही टाकून स्वतःहून काळोखात जाऊन झोपलं तर ते नाटक नव्हे. ट्रिगर तेच, फक्त बालरूपात: बालरथ (शाळेची बस) सव्वासातला येतो म्हणून दूध अर्धवट, दहाच्या सुट्टीपर्यंत पोट रिकामं, शाळेत टॉयलेट घाण म्हणून पाणी न पिणं, आणि मैदानावरचं ऊन. डॉक्टरने गोळी लिहून दिली असेल तर मुलाच्या वजनाप्रमाणे दिलेला डोस टीचरला चिठ्ठीत लिहून द्या आणि वर्गातच घ्यायची परवानगी मागा, कारण दुखायला लागताच घेतलेली गोळी आणि दीडला घरी पोचल्यावर घेतलेली गोळी यात पूर्ण दुपारचा फरक पडतो.